चुरी मॅडमच्या वर्गातली नाणेफेक

डॉ. कुमुद चुरी यांची आणि माझी ओळख एका तक्रारीतून झाली. तक्रार त्यांची होती, आणि ती माझ्याविरुद्धच आहे असे मला पहिली काही मिनिटे वाटत होते.

मी तेव्हा आमच्या महाविद्यालयात गणिताचा नवा अध्यापक होतो. वाणगावहून ये-जा करत असे. बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेतलेल्या मुलांना संख्याशास्त्राचा एक छोटा पेपर असे, तो माझ्याकडे आला होता. एके दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात जीवशास्त्र विभागाच्या चुरी मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, कपाळावर चढवलेला चष्मा, बोटांना खडू.

"राऊत सर, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संभाव्यता तुम्हीच शिकवता ना?"

"हो."

"त्यांना येते का?"

"परीक्षेत तर बरी सोडवतात," मी म्हणालो.

"तेच तर!" त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. "आज मी वर्गात विचारलं, आई आणि वडील दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक आहेत, पहिलं मूल आजारी निघालं, तर दुसऱ्याचं काय? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, दुसरं सुटलं. का, तर चारात एकाला होतो, तो एक होऊन गेला! तुमच्या पेपरात हीच मुलं नाण्याचं गणित बरोबर सोडवतात. माझ्या वर्गात येताना मात्र गणित चपलांसारखं दाराबाहेर काढून येतात."

तक्रार माझ्याविरुद्ध नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मुलांविरुद्धही नव्हती. आपण दोघे दोन खोल्यांत बसून एकाच मुलाला अर्धे अर्धे शिकवत आहोत, एवढेच त्यांना म्हणायचे होते. "आठवड्यातला एक तास आपण दोघं मिळून घेऊ या का?" असे त्यांनी विचारले आणि मी हो म्हणालो. मॅडमनी साठी पूर्ण केली, त्या निवृत्त झाल्या, तरी तो तास माझ्या मनात अजून चालूच आहे.

पहिल्याच संयुक्त तासाला मॅडम पिशवीभर चिंचोके घेऊन आल्या. आपल्याकडे खेळात टाकतात तसे, मधून फोडून अर्धे केलेले. एक मुलगी आई व्हायची, एक मुलगा वडील. दोघांनी एकेक अर्धा चिंचोका टाकायचा. पांढरी बाजू वर आली तर सिकलसेलचा गुण मुलाकडे गेला, काळी आली तर नाही गेला. दोन्ही पांढरे पडले तर मूल आजारी, एकच पांढरा पडला तर ते नुसते वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण गुण पुढे देऊ शकणारे. वर्गात एकच गलका झाला.

मी मागे उभा होतो. मला राहवेना. मी म्हणालो, "मॅडम, चिंचोका म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही बाजू सारख्याच पडतील कशावरून?"

नवख्या अध्यापकाने भर वर्गात असे बोलणे दुसऱ्या कोणाला लागले असते. मॅडमचा चेहरा मात्र खुलला. "सरांनी शंका काढली आहे," त्या वर्गाला म्हणाल्या. "आता ती खरी की खोटी, ते मला किंवा सरांना विचारू नका. चिंचोक्याला विचारा."

उरलेला तास मुलांनी चिंचोके टाकून मोजण्यात घालवला. एक बाजू सरळ सरळ जास्त पडत होती. तास संपताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, चिंचोका लबाड आहे." त्यावर मॅडमनी विचारले, "हे तुला केव्हा कळलं? पहिल्यांदा टाकलास तेव्हा?" मुलगा विचार करून म्हणाला, "नाही. पुष्कळदा टाकल्यावर." मॅडम म्हणाल्या, "बस. आजच्यापुरतं एवढंच शिकायचं होतं." पुढच्या तासाला त्यांनी रुपयाची नाणी आणली.

हे सगळे सुखाने झाले असे मात्र नाही. सत्र अर्धे झाल्यावर मुलांचे एक शिष्टमंडळ मॅडमकडे आले. त्यांचे म्हणणे होते, "मॅडम, आम्ही गणित नको म्हणून तर बायो घेतलं." मॅडमनी त्यांना बसवून घेतले आणि सगळे ऐकून घेतले. आलेख काढायला शिकवला, पण तो का काढायचा ते सांगितलेच नाही; सूत्र आधी आले, प्रश्न नंतर, अशा मुलांच्या तक्रारी होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मी घाई केली. आजपासून प्रश्न आधी." तेव्हापासून त्यांच्या वर्गात कोणतेही सूत्र असेच आले नाही. आधी एखादा प्रश्न फळ्यावर यायचा, त्यावर वाद व्हायचा, आणि वाद मिटेनासा झाला की मॅडम म्हणायच्या, "आता मोजल्याशिवाय भागणार नाही."

आता मी जे सांगणार आहे ते रंजना धोडी हिने परवानगी दिली म्हणून सांगतो. मी तिला विचारायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, नावानिशी लिहा. मॅडमबद्दल लिहायचं आणि माझं नाव झाकायचं, हे मला पटत नाही."

रंजना उधवा गावची. घरी आईवडील, मोठा भाऊ रमेश, मग रंजना, मधला एक भाऊ आणि सगळ्यांत धाकटी सुरेखा. रमेशला सिकलसेलचा आजार होता. अंग दुखायला लागले की तो आठवडाभर उठू शकत नसे. नाण्यांचा तास संपल्यावर सगळी मुले गेली, रंजना मात्र बाकावर बसून राहिली. आम्ही दोघे फळा पुसत होतो.

"मॅडम," ती म्हणाली, "रमेशदादाला झालं म्हणजे आम्ही बाकीचे सुटलो, असं नाही ना?"

मॅडमनी डस्टर खाली ठेवले. "नाही, बाळ. तसं नाही."

"आमच्या घरी सगळे तेच म्हणतात. पूर्वी कोणीतरी सांगून गेलं होतं, चारात एकाला होतं. आम्ही चार भावंडं. बाबा म्हणतात, आपला एक होऊन गेला." ती थांबली. मग म्हणाली, "सुरेखाचे पाय दुखतात, मॅडम. सारखे. डोळे पिवळे दिसतात. आई तेल लावते. आम्हाला वाटतं, वाढीचं वय आहे, शाळेत चालत जावं लागतं, म्हणून असेल. तिला ते असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. कारण आमचा एक होऊन गेला होता."

सांगणाऱ्याने त्या घराला खोटे सांगितले नव्हते. जे सांगितले ते अर्धेच पोचले होते, आणि त्या अर्ध्याच्या भरवशावर एक मुलगी दुखणे अंगावर काढत होती. संभाव्यतेचा धडा मी कितीतरी वेळा शिकवला होता. तो चुकला तर काय होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

रंजनाला घरी हे सांगण्याचा धीर होत नव्हता. म्हणून त्या रविवारी मॅडम तिच्याबरोबर उधव्याला निघाल्या, आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्हीही चला. पण बोलायचं नाही. मीही बोलणार नाही. बोलेल ती."

आम्ही ओट्यावर बसलो. रंजनाचे वडील सीमेपलीकडे गुजरातेत एका कारखान्यात कामाला जात, त्या दिवशी सुट्टी होती. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. घरातल्या दुखण्यामागे आणखी एक दुखणे होते, ते आम्हाला वाटेत रंजनाने सांगितले होते. रमेशचा आजार आईच्या माहेरून आला, असे आजी मरेपर्यंत म्हणत राहिली. वडील तसे म्हणत नसत, पण नाहीही म्हणत नसत.

रंजनाने एक नाणे वडिलांच्या हातात ठेवले आणि दुसरे आईपुढे धरले.

"मला कशाला?" आई मागे सरली.

"आई, तुझ्याशिवाय हे होतच नाही. आणि बाबांशिवायही होत नाही."

ती त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होती. मला निम्मे कळत होते, पण तिचा हात काय सांगतो आहे ते पूर्ण कळत होते. काटा म्हणजे आजाराचा गुण. दोघांचाही काटा पडला तरच मूल आजारी. आईवडिलांनी नाणी टाकली. एक छापा, एक काटा. पुन्हा टाकली. दोन्ही छापे. असे बऱ्याचदा झाले आणि मग दोन्ही काटे पडले.

"हा रमेशदादा," रंजना म्हणाली. "आता परत टाका."

वडिलांनी टाकले, आईने टाकले. पुन्हा दोन्ही काटे.

वडील पुढे वाकले. "असं कसं? आत्ताच तर पडलं होतं."

"बाबा, नाण्याला आधीचं काही आठवत नाही. दर वेळेला ते नव्यानंच पडतं. दादाला झालं म्हणून सुरेखाचं चुकलं असं नाही. तिचं वेगळं पडलेलं आहे. ते काय पडलं ते आपण अजून बघितलंच नाही."

वडील दोन्ही नाण्यांकडे पाहत होते. मग ते रंजनाकडे न बघता बायकोला म्हणाले, "म्हणजे माझ्याकडूनही आलंय."

त्या माऊलीने नाणे मुलीच्या हातात परत दिले आणि ती आत गेली. चहाची भांडी वाजल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. रंजना उठून आत गेली. आम्ही बाहेर अंगणाकडे पाहत बसून राहिलो. चहा यायला पुष्कळ उशीर झाला. तो घेऊन वडीलच बाहेर आले आणि कप पुढे करत म्हणाले, "मॅडम, सुरेखाला उद्याच दवाखान्यात नेतो."

मॅडम रजा टाकून त्यांच्याबरोबर गेल्या. निकाल यायला थोडे दिवस लागले. तो आणायलाही त्या गेल्या, तेव्हा मीही बरोबर होतो. सुरेखाला आजार होता.

दवाखान्याच्या बाकावर रंजना ओक्साबोक्शी रडली. "मी हे काढायलाच नको होतं, मॅडम. आतापर्यंत ती बरी होती."

मॅडमनी तिला जवळ घेतले. मी तिथे होतो, म्हणून त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "ती बरी नव्हती, रंजना. तिचे पाय दुखत होते आणि आपल्याला कारण ठाऊक नव्हतं. तू तिच्यात आजार घातला नाहीस. आता तिला गोळ्या मिळतील, पाणी भरपूर प्यायची कोणी आठवण करेल, ताप आला तर कोणी तेल लावत बसणार नाही. एवढं तू केलंस."

थोड्या वेळाने डोळे पुसून रंजनाने विचारले, "आणि माझं?"

दुसरे कोणी असते तर तिला तेव्हा कुरवाळून घरी पाठवले असते. मॅडमनी तिला प्रश्न विचारला. "तुला असं दुखणं कधीच झालं नाही; तू आजारी नाहीस, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग कोणती फेक बाद झाली?"

रंजना विचार करू लागली. तिने बाकावर बोटाने चार खुणा केल्या आणि एक पुसली. "दोन्ही काटे बाद. उरल्या तीन. त्यातल्या दोन वाहक." ती मॅडमकडे पाहून म्हणाली, "म्हणजे निम्मं नाही. तीनात दोन."

मला आजही वाटते की त्या बाकावर त्या मुलीने केलेला विचार ही माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेली गणिताची सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे. एवढ्या दुःखातही ती स्पष्ट विचार करत होती, आणि त्या विचारानेच तिला थोडा आधार मिळत होता. तिची तपासणी झाली. ती वाहक निघाली. तिला धक्का बसला नाही. ती तयारीत होती.

पुढे रंजनाचे लग्न ठरताना तिने स्वतः मुलाला सगळे सांगितले आणि रक्त तपासून घ्यायला सांगितले. झरीचा तो मुलगा हसून म्हणाला, "एवढंच ना?" त्याची तपासणी निर्दोष आली. आज रंजना झरीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिला एक मुलगी आहे. सुरेखाचे दुखणे गेले नाही, ते जाणारे नव्हतेच. पण ती वेळच्या वेळी गोळ्या घेते, वर्षातून एखाद्या वेळी दवाखान्यात राहून येते, आणि डहाणूला एका दुकानात हिशेब बघते. रमेशलाही नियमित उपचार मिळू लागले.

ही गोष्ट हळूहळू बाहेर कळली. एका कार्यक्रमासाठी काही पाहुणे आले होते. त्यांना ही नाण्यांची कल्पना फार आवडली आणि त्यांनी धोडी कुटुंबाला मंचावर आणण्याची सूचना केली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाणी हवी तेवढी देते. माणसं मिळणार नाहीत." पाहुणे रागावले असावेत. पुढे त्यांचे बोलावणे आले नाही, आणि मॅडमनी त्याची चौकशीही केली नाही.

मॅडमच्या या कणखरपणातून घरचेही सुटलेले नाहीत. त्यांच्या सासरची डहाणूला चिकूची वाडी आहे. एका खताने चिकूला फळ जास्त धरते, यावर त्यांच्या सासऱ्यांचा ठाम विश्वास होता. मॅडमनी मुलांना वाडीत नेले. खत घातलेल्या आणि न घातलेल्या झाडांची फळे मुलांनी मोजली. एकाच रांगेतल्या दोन झाडांत इतका फरक निघाला की खताचा फरक त्यात कुठे आहे तेच कळेना. सासऱ्यांनी जेवताना विचारले, "मग काय ठरलं?" मॅडम म्हणाल्या, "बाबा, अजून सांगता येत नाही." सासरे वैतागून म्हणाले, "मग एवढे दिवस माझ्या झाडांखाली केलंत काय?" मुले हसू दाबत जेवत होती. परतताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "मोजून झाल्यावरही 'माहीत नाही' म्हणता आलं पाहिजे. त्यासाठीच तर मोजायचं."

शेवटी माझी स्वतःची एक आठवण. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या एका प्राथमिक तपासणीचा निकाल वाईट आला. पुढची पक्की तपासणी व्हायची होती. मी, संभाव्यता शिकवणारा माणूस, शिक्षकांच्या खोलीत डोके धरून बसलो होतो. तिच्याशिवायचे घर कसे असेल, इथपर्यंत माझे मन पोचले होते. मॅडम शेजारी येऊन बसल्या.

"सर, ही पहिली तपासणी म्हणजे चाळणी आहे. आजारी कोणी सुटू नये म्हणून ती बारीक ठेवतात. तीत पुष्कळ बरी माणसंही अडकतात. हे तुम्हीच माझ्या मुलांना शिकवलंत."

"पण तिला असेल तर?"

"नसेलच, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण आज तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढ्यापुरतंच घाबरा. त्याहून जास्त नको."

पुढच्या तपासणीच्या दिवशी त्या माझ्या पत्नीबरोबर आत बसल्या, मी बाहेर. निकाल चांगला आला. पण तो वाईट आला असता, तरी त्या दिवशी त्यांनी मला दिलेला धीर खोटा ठरला नसता, हे मला तेव्हाही जाणवले होते. दिलासा द्यायचा आणि तरीही खोटे बोलायचे नाही, हे फार थोड्यांना जमते. आमच्या चुरी मॅडमना ते नेहमीच जमत आले.

मॅडमच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहिताना त्यांनी मला एकच अट घातली: विशेषणे कमी. मी ती पाळण्याचा प्रयत्न केला आहे. आता शुभेच्छांची वेळ आली, तर त्यांनी शतायुषी व्हावे असे लिहायला मला भीती वाटते. हा आकडा कुठून काढलात, असे त्या नक्की विचारतील. म्हणून मी फक्त एवढेच मागतो. डहाणूच्या किनाऱ्यावर सकाळी चालताना त्यांचे गुडघे त्यांना कायम साथ देवोत. त्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर स्वच्छ दिसत राहो. घरच्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांचे दिवस निरोगी आणि भरलेले जावोत. आणि अजून पुष्कळ वर्षांनंतर, एखादी मुलगी मनात न सुटलेला प्रश्न घेऊन त्यांच्या घरी आली, तर दार उघडायला त्या स्वतःच याव्यात आणि म्हणाव्यात, "ये, बस. तुला असं का वाटतं, ते आधी मला सांग."